‘देवाचा करार’: एका मंडळीतील अभ्यासवर्गाविषयी अभिप्राय

आमच्या भागातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ‘देवाचा करार’, म्हणजे देवाने माणसांशी वचनाने बांधलेले नाते, या विषयावर संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेतले. प्रवेश विनाशुल्क होता; प्रत्येकाने आपापले पवित्र शास्त्र (बायबल) आणि वही आणावी, एवढीच अपेक्षा होती.

या वर्गाचे खरे बळ म्हणजे उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील १५व्या अध्यायाला दिलेला भरपूर वेळ. पाळकांनी तो अध्याय ओळीओळीने वाचून घेतला. देवाने ज्याला संतती आणि देश देण्याचे वचन दिले तो अब्राम (पुढचा अब्राहाम) कालवड, शेळी आणि मेंढा यांचे दोन-दोन भाग करून समोरासमोर मांडतो, त्यांवर उतरणाऱ्या हिंस्र पक्ष्यांना हाकलतो, आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. मग दाट अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या भागांमधून जाते. याचा अर्थ उलगडण्यासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ३४वा अध्याय लगेच काढायला सांगितला, हे फार योग्य झाले. सिद्कीया राजाच्या काळात यहूदाच्या सरदारांनी वासराच्या दोन भागांमधून जाऊन आपल्या दासांना मुक्त करण्याचा करार केला होता. तो मोडून त्यांना पुन्हा राबवू लागताच, तुमचीही गत त्या वासरासारखी होईल, असे देवाने बजावले. म्हणजे त्या भागांमधून जाणारा करारभंगाची शिक्षा स्वतःवर ओढवून घेतो. अब्राम मात्र झोपलेला आहे. त्या वाटेने, भट्टी आणि मशालीच्या रूपात, एकटा देवच जातो. माणसाच्या हातून काही घडण्याआधी देव स्वतःला शब्दात बांधून घेतो, ही ख्रिस्ती विश्वासाच्या मुळाशी असलेली गोष्ट मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी दाखवली नव्हती.

नोहाचे धनुष्य, म्हणजे जलप्रलयानंतरच्या कराराची खूण असलेले इंद्रधनुष्य, थोडक्यात आटोपले, ते चालण्यासारखे होते. सीनाय पर्वतावरील कराराचा भाग नेटका झाला: ‘आम्ही सर्व पाळू’ असे म्हणणाऱ्या लोकांवर मोशे रक्त शिंपडतो, आणि त्याच लोकांनी पुढे सोन्याचे वासरू केले, हा क्रम लक्षात आणून दिल्यामुळे यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातील नव्या कराराची, हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नियमशास्त्राची गरज कळली. तेथून येशूच्या शेवटच्या भोजनातील प्याल्याकडे, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील २२व्या अध्यायाकडे, वळणे मग आपोआप आले. दर प्रभुभोजनाला आपण ज्या रक्ताचे स्मरण करतो, त्यात करारभंगाची शिक्षा करार करणाऱ्यानेच सोसली आहे, हे ऐकताना अनेकांनी वहीतील लिखाण थांबवले होते.

दाविद राजाचे राजासन कायम ठेवण्याच्या, देवाने त्याच्याशी केलेल्या कराराला मात्र न्याय मिळाला नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील ७वा अध्याय वाचून विषय संपवला आणि ८९वे स्तोत्र उघडलेच नाही. ‘तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास’ अशी थेट देवाकडे केलेली तक्रार त्या स्तोत्रात आहे. दुःखात असलेल्या विश्वासणाऱ्याला तीच सर्वात आधी हवी असते. शिवाय वर्गात वाटलेल्या टिपणांची अक्षरे इतकी बारीक होती की ज्येष्ठांना ती शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागली.

नव्याने बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. मंडळीने पुढच्या खेपेस दाविदासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.