नोत्र दामची मैफल, गंगापूर रोडवरून

पॅरिसमध्ये ३१ डिसेंबर २०२० ची रात्र आणि नाशिकमध्ये संचारबंदीतली पहाट असताना फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार झाँ-मिशेल जार यांची मोफत ऑनलाइन मैफल मी गंगापूर रोडवरील घरी हेडफोन लावून पाहिली. जार प्रत्यक्षात स्टुडिओत वाजवत होते. पडद्यावर मात्र एप्रिल २०१९ च्या आगीत होरपळलेले पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल संगणकाने अखंड उभे केले होते, आणि त्या उंच कमानींवर सिंथेसायझरच्या ठेक्याबरोबर सरकणारा प्रकाश पाहणे हाच या कार्यक्रमाचा खरा ऐवज होता. ध्वनी स्वच्छ, खर्ज भरदार. आभासी प्रेक्षक मात्र निर्जीव वाटले. नाशिकच्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहात शेजारच्या खुर्चीतून उमटणारी दाद त्यांना कुठून जमणार? प्रक्षेपण दोनदा अडखळले, पण तो दोष आमच्या इंटरनेट जोडणीचा होता.