टीएस-१ की टीआय-एमसीएम-४१?

महाप्यातील एका लहान रसायन कारखान्यातील स्नेह्यांना ऑक्सिडीकरणासाठी टीएस-१ आणि टीआय-एमसीएम-४१ यांपैकी कोणता उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) घ्यावा, असा प्रश्न पडला आहे. दोन्हींत सिलिकाच्या जाळीत विखुरलेला टायटॅनियमच काम करतो. फरक छिद्रांचा आहे. टीएस-१ ची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची असल्याने फिनॉलसारखा लहान रेणू आत शिरतो, अवजड रेणू बाहेरच अडतात; टीआय-एमसीएम-४१ ची छिद्रे २ नॅनोमीटरहून मोठी असतात, म्हणून अवजड रेणूही आत जातात. टीएस-१ घडवताना लागणारे टेट्राप्रोपिल अमोनियम हायड्रॉक्साइड महाग पडते, पण टिकाऊपणात तोच निर्विवाद सरस आहे: त्याच्या जलविरोधी स्फटिकी भिंती पाण्यातील हायड्रोजन पेरॉक्साइड (ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य) सोसतात, आणि वापरून मंदावलेली उत्प्रेरकाची पूड सुमारे ५५० अंश सेल्सिअसला हवेत भाजली की पुन्हा कामाला लागते. दुसऱ्याच्या भिंती अस्फटिकी व जलस्नेही असल्याने त्यातून टायटॅनियम द्रावणात सुटत जाते. लहान रेणूंसाठी टीएस-१ घ्यावा. मोठ्या रेणूंसाठी, पाणी टाळून हायड्रोजन पेरॉक्साइडऐवजी टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड हे ऑक्सिजन पुरवणारे दुसरे द्रव्य वापरायची तयारी असेल, तरच टीआय-एमसीएम-४१.