विमान-मागोवा सेवा नऊ महिने वापरल्यावर: रशियात अडकलेल्या लीजच्या विमानांपुरता अनुभव

डब्लिनमधील ज्या लहानशा कार्यालयात मी विमानांची तांत्रिक कागदपत्रे तपासतो, तेथे फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विमान-मागोवा सेवेची व्यावसायिक वर्गणी भरण्यात आली. काम नेमके होते. २०२२ मध्ये रशियात अडकून पडलेल्या काही विमानांचा दिवसवार प्रवास विम्याच्या दाव्यासाठी जुळवून द्यायचा होता. त्यामुळे हा अभिप्राय हौशी विमानप्रेमींना फारसा उपयोगी पडणार नाही. त्यांना हीच सेवा बहुधा माझ्यापेक्षा अधिक आवडेल.

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस निर्बंध लादले आणि रशियन कंपन्यांशी झालेले भाडेकरार संपवण्यासाठी २८ मार्चपर्यंत मुदत दिली. करार कागदावर संपले, पण चारशेहून अधिक विमाने परत आली नाहीत. त्यांतील बरीचशी बर्म्युडात नोंदलेली होती. तेथील विमान प्राधिकरणाने १२ मार्चला त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रे स्थगित केली, आणि दोनच दिवसांनी रशियाने परदेशी विमानांची आपल्याकडे नोंदणी करण्यास मुभा देणारा कायदा केला. शिकागो कराराच्या १८ व्या कलमानुसार एका विमानाची एकाच वेळी दोन देशांत नोंदणी वैध ठरत नाही, पण विमाने उडतच राहिली.

पहिल्याच आठवड्यात मी येथे फसलो. एका एअरबस ए३२० विमानाचा ‘व्हीक्यू-बी’ने सुरू होणारा जुना, बर्म्युडाचा नोंदणी क्रमांक टाकला, तेव्हा उड्डाणांची यादी मार्च २०२२ मध्ये तुटलेली दिसली आणि मी अहवालात ‘विमान जमिनीवर उभे’ असे लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात तेच विमान ‘आरए’ने सुरू होणाऱ्या रशियन क्रमांकाखाली रोज दोन-तीन फेऱ्या करत होते. ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे विमानाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राचा, सहा चिन्हांचा पत्ताही प्रत्येक देशाला नेमून दिलेल्या वाट्यातला असतो. बर्म्युडाची विमाने ब्रिटनच्या वाट्यात मोडत असल्याने त्यांचा पत्ता ४ ने सुरू होतो, तर रशियाचा १ ने. नोंदणी बदलली की पत्ताही बदलतो, आणि यंत्राच्या लेखी ते नवेच विमान ठरते. न बदलणारी खूण एकच, ती म्हणजे कारखान्यात दिलेला अनुक्रमांक, ज्याला आम्ही एमएसएन म्हणतो. या सेवेत एमएसएनवरून शोधण्याची सोय आहे, पण ती प्रगत शोधाच्या तिसऱ्या पडद्याआड दडवलेली आहे, आणि आपोआप येणाऱ्या सूचना (अलर्ट) मात्र नोंदणी क्रमांकावरच लावता येतात. ग्राहक साहाय्य विभागाला हे दोनदा लिहिले. दोन्ही वेळा आभाराचे सुबक उत्तर आले.

जुन्या नोंदी मात्र उत्तम आहेत. त्यांची परीक्षा घेण्यासाठी मी एक सर्वज्ञात घटना निवडली. जून २०२२ मध्ये एका आयरिश लीज कंपनीच्या अर्जावरून श्रीलंकेच्या न्यायालयाने एअरोफ्लोत या रशियन कंपनीचे एअरबस ए३३० कोलंबोत अडवले होते आणि काही दिवसांनी तो आदेश उठल्यावर ते निघून गेले. विमानतळावरचा त्याचा मुक्काम, टॅक्सीवेवरची हालचाल आणि परतीचा मार्ग हे सगळे वेळेसह मिळाले.

जूनमध्ये आमच्या कामाचा रोखच बदलला. लंडनच्या उच्च न्यायालयाने ११ जून २०२५ रोजी असा निर्णय दिला की, रशियन सरकारने विमाने देशाबाहेर नेण्यास बंदी घातली त्या १० मार्च २०२२ याच दिवशी ती मालकांच्या हातून गेली, आणि भरपाई युद्धजोखमीच्या विम्यातून द्यावी लागेल. मी त्या दिवसाचा नकाशा उघडला. आमच्या यादीतले एक विमान सकाळी मॉस्कोहून येकातेरिनबुर्गला गेले होते आणि दुपारी परतले होते, उंची आणि वेग अगदी नेहमीसारखे. आदल्या दिवशीची रेषा वर ठेवली तर दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. कायद्याच्या दृष्टीने विमान गेले तो दिवस या सेवेत कुठेच उमटत नाही, आणि त्याबद्दल सेवेला दोष देता येणार नाही. पण वर्गणी भरणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

चालू स्थितीवर मात्र फार विसंबू नये. ट्रान्सपॉन्डरचे संदेश टिपणाऱ्या जमिनीवरच्या रिसीव्हरला विमान सरळ रेषेत दिसावे लागते, त्यामुळे त्याचा पल्ला चांगल्या हवामानातही साधारण चारशे किलोमीटरच असतो. सायबेरियावर रेषा तासन्तास तुटक दिसतात. बाल्टिक किनाऱ्यावर आणि मॉस्कोभोवती जीपीएसमध्ये अडथळे आणले जात असल्याने विमान क्षणात शंभर किलोमीटर बाजूला उडी मारते. अशा नोंदींवर इशाऱ्याची खूण असते, पण फाइल उतरवून घेतली की ती खूण गळते. एका सहकाऱ्याने अशाच नोंदीवरून अंतराची बेरीज केली आणि एका दिवसात विमान पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आल्याचे निघाले. चहाच्या वेळेला आम्ही पुष्कळ हसलो. अहवाल पुन्हा करायला मात्र दोन दिवस गेले.

इंजिनांच्या बाबतीत ही सेवा मुकीच आहे. आमच्या यादीतील कित्येक इंजिने स्वतंत्र लीजवर होती. ती एका विमानावरून उतरवून दुसऱ्यावर चढवली, तर ट्रान्सपॉन्डरला त्याचा पत्ता नसतो. ठरावीक आयुष्याच्या सुट्या भागांची पहिल्या दिवसापासूनची कागदपत्रे नसतील, तर नकाशावर दिमाखात उडणाऱ्या विमानाची बाजारातील किंमत कितीतरी घसरलेली असते. उड्डाणांच्या संख्येवरून झिजेचा अंदाज तेवढा बांधता येतो, आणि आम्ही तो बांधतोही.

नूतनीकरणाच्या वेळी तीन जणांची वर्गणी आम्ही एकावर आणली. जुन्या नोंदींसाठी ती पुरते. एमएसएन आणि नोंदणी क्रमांक यांचा मेळ घालणारा तक्ता आता आम्हीच एक्सेलमध्ये ठेवतो, आणि सोमवारी सकाळी तो हाताने तपासतो.