रिव्हर्स वॉकर – सीपीवाल्या लेकरांच्या आईबाबांनी घ्यायच्या आधी वाचा

माझ्या मुलीला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे सीपीचाच (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या इजेमुळं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) प्रकार, दोन्ही पाय जास्त कडक. जीएमएफसीएस (सीपीवाली मुलं किती हालचाल करू शकतात ते सांगणाऱ्या 1 ते 5 पातळ्या) लेव्हल 3, धरूनच चालते. धंतोलीतल्या थेरपिस्ट ताईंनी रिव्हर्स वॉकर सांगितला तेव्हा आजी म्हणे समोर धरायला काहीच नाही, पडन न पोरगी! पण समोरचा वॉकर असला की ती वाकून सगळा भार हातांवर टाकायची, कंबर मागं, गुडघे दुमडलेले. रिव्हर्स वॉकरची फ्रेम पाठीमागं असते त्यामुळे झुकायला जागाच नाही, आपोआप सरळ उभी राहते, आणि समोर मोकळं असल्यानं थेट ओट्यापाशी येऊन डबे ओढते माझी बाई!!

मागची चाकं मला सगळ्यात आवडली. ती फक्त पुढंच फिरतात, पोरगी मागं रेलली की जागच्या जागी अडकतात, म्हणून ती न घाबरता थांबून दम खाते अन् परत निघते.

उंची मात्र दुकानदाराच्या अंदाजानं सेट करू नका. हँडल खुब्याच्या लेव्हलला आणि कोपर थोडं वाकलेलं पाहिजे, थेरपिस्टसमोरच करून घ्या, आणि लेकरू वाढतं तसं परत परत बघा.

न आवडलेलं म्हणजे पुढची चाकं लहान आहेत, आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत फसतात, तिथं मला उचलूनच काढावं लागतं. घरातल्या फरशीवर मस्त चालतो. नागपूरच्या मे महिन्यात तर बाहेर सकाळी लवकरच न्या, एएफओच्या (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा प्लास्टिकचा सपोर्ट) आत घामानं पाय लाल होतात, सुती मोजे घालाच.

आणि प्लीज याऐवजी तो गोल बेबी वॉकर आणू नका, त्यात लेकरू लटकतं अन् टाचा न टेकवता पंजांवर ढकलत राहतं, आपल्या पोरांची टाच आधीच वर असते. कॅनडात तर 2004 पासून त्यावर बंदीच आहे.

वॉकर आला तरी स्ट्रेचिंग आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हिपचा एक्सरे चालूच ठेवा, कडकपणामुळे खुबा हळूहळू सरकू शकतो आणि दुखेपर्यंत कळत नाही. थेरपीचा खर्च जड जात असेल तर नॅशनल ट्रस्टचा (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय आरोग्य विमा काढा, सीपीला लागू आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, ओपीडीतली थेरपीपण त्यात येते.

माझ्याकडून 5 पैकी 4, एक त्या पुढच्या चाकांचा कापला.