घरात धुराचे फोटो : फ्लॅश घ्यावा की एलईडीवर भागवावं?

पंचवटीतून उदबत्तीचा पुडा आणायचा, काळं कापड टांगायचं आणि धुराची वेटोळी टिपायची. काम सोपं वाटतं, पण अडतं ते उजेडापाशी. मॅन्युअल स्पीडलाइट (ताकद हाताने ठरवायचा सुटा फ्लॅश) आणि त्याला कॅमेऱ्यापासून दूर ठेवून उडवणारा रेडिओ ट्रिगर घ्यायचा की एलईडी पॅनल, हा घोळ मी गेल्या थंडीत घातला आणि शेवटी इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये दोन्ही लावून पाहिले.

आधी हिशेब. समजा धूर सेकंदाला २० सेंटिमीटर वर सरकतोय. १/२५० शटरला तो तेवढ्या वेळात ०.८ मिलिमीटर सरकेल. उभ्या चौकटीत ३० सेंटिमीटर धूर घेतला आणि त्या बाजूला ६००० पिक्सेल असतील, तर ०.८ मिलिमीटर म्हणजे १६ पिक्सेल. रेशमाच्या धाग्यासारखी कड तिथेच पुसली जाते. स्पीडलाइट पूर्ण ताकदीच्या १/३२ वर ठेवला तर त्याची चमक साधारण १/१०००० सेकंदात विझते. मग धूर अर्धा पिक्सेलही हलत नाही. शटर १/२०० असलं तरी चालतं, कारण धूर गोठवण्याचं काम चमक करते.

एलईडीला हे जमवायचं तर शटर १/१००० च्या पुढे न्यावं लागतं. लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ/८, ठेवून तेवढा उजेड घरगुती पॅनल देत नाही, मग आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, ३२०० असा चढतो आणि फोटोत दाणे येतात. एरवी हे खपून जातं, इथे नाही. धुराचा फोटो कॉम्प्युटरवर ताणला जातो, कित्येकदा उलटा करून पांढऱ्यावर निळसर-तपकिरी धूर असा केला जातो. काळ्यात दडलेले दाणे तेव्हा पांढऱ्या कागदावर मिरी सांडल्यासारखे दिसतात. माझं मत फ्लॅशकडे झुकलं ते इथे. घरातला साधा एलईडी बल्ब वापरणार असाल तर आणखी एक कटकट: वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि वेगवान शटरला एक फोटो उजळ, दुसरा मंद, तिसऱ्यात पट्टे.

मग एलईडीची बाजू काय? उजेड कसा पडतोय ते आधीच डोळ्यांना दिसतं, ही. उजेड समोरून टाकला की धूर फिका पडतो, बाजूने आणि जरा मागून टाकला की एकदम पेटतो, हे मी एलईडी हातात धरून फिरवताना शिकलो. फ्लॅशवर तेच कळायला शंभर फोटो गेले असते. व्हिडिओ करायचा असेल, किंवा कॅमेरा नसून मोबाइलच असेल, तर एलईडीच घ्या. मोबाइलचा बाहेरच्या फ्लॅशशी सहसा मेळ बसत नाही.

फ्लॅश घेताना टीटीएलसाठी, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याच्या सोयीसाठी, जादा पैसे मोजू नका. धूर इतका विरळ की कॅमेऱ्याला परत आलेला उजेड जवळपास मिळतच नाही, आणि तो फ्लॅशला पूर्ण ताकद लावायला सांगतो. पूर्ण ताकदीला चमक लांबते, म्हणजे ज्यासाठी फ्लॅश घेतला तेच गेलं. साधा मॅन्युअल, वापरलेला मिळाला तरी उत्तम. मात्र ट्रिगर घ्याच. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश धुराबरोबर मागचं कापडही उजळवतो.

मांडणी दोन्हीकडे सारखीच. उदबत्तीपासून कापड दीड मीटर मागे, उजेड हातभर अंतरावर बाजूला. फ्लॅशच्या तोंडाला काळ्या कार्डशीटची नळी, म्हणजे कापडावर आणि लेन्सवर उजेड सांडत नाही. धुरावर ऑटोफोकस मागेपुढे चाचपडत बसतो, म्हणून उदबत्तीच्या टोकाशी पेन धरून फोकस करायचा आणि मॅन्युअलवर टाकायचा. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो ठार काळा आला पाहिजे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स ५५ मिलिमीटरला पुरते, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लागत नाही.

पंखा बंद हवा, म्हणून एप्रिल-मेमध्ये नाशकात हा उद्योग कोणी करू नये. डिसेंबरची रात्र बरी, खिडक्या तशाही बंद असतात. धूर आधी सरळ चढतो आणि मग विस्कटतो. वेटोळी हवी असतील तर चौकट त्या वरच्या भागावर लावा आणि पुठ्ठ्याने अगदी हलका वारा द्या. दहा-पंधरा मिनिटांत खोलीभर धुरकं साठतं आणि काळा रंग राखाडी व्हायला लागतो. तेव्हा थांबून दारं-खिडक्या उघडायच्या. घरात कोणाला दमा असेल तर हे गॅलरीत करू असा विचारही नको, तिथे वारा धूर टिकू देत नाही. ती माणसं गावाला गेलेली संध्याकाळ निवडावी. आमच्याकडे आईची हरकत वेगळीच होती: देवघरातला पुडा संपला, आणि देवापुढे एकही लागली नाही.