पार्तागास डी ४ की पाद्रोन १९६४?

हलक्या सिगार ओढून झाल्या, आता दाट काहीतरी हवं, असं वाटू लागलं की या दोन नावांचा विचार जरूर करा. त्याआधी एक फरक ओळखायला हवा. धुराचा दाटपणा वेगळा, निकोटिनचा जोर वेगळा. दाटपणा जिभेवर लगेच कळतो. जोर कळतो तो नंतर, डोकं गरगरायला लागल्यावर.

पार्तागास सेरी डी नंबर ४ ही हवानाची. घराणं १८४५ चं, सिगार १२४ मिलिमीटरची, आखूड आणि जाड. सुरुवातीलाच मिरी लागते, मग कोकणातल्या राबासारखी भाजक्या मातीची चव, शेवटी चामडं. मधला टप्पा मला फार प्रिय आहे. पण ताजी असेल तर ती अंगावर येते. म्हणून पेटीच्या तळाशी उमटवलेला महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षं मुरलेली मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

पाद्रोनमध्ये हे मुरवणं आधीच झालेलं असतं. होसे ओर्लांदो पाद्रोन क्युबा सोडून मायामीत आले आणि १९६४ साली त्यांनी धंदा सुरू केला. तिसाव्या वर्षानिमित्त १९९४ मध्ये आलेल्या ‘१९६४’ या मालिकेतली निकाराग्वाची पानं किमान चार वर्षं मुरवतात. मादुरो, म्हणजे काळपट रॅपरची (बाहेरून गुंडाळलेल्या पानाची) घ्या. कोको, कडक कॉफी आणि मागे काकवीसारखा गोडवा. त्या गोडव्याला भुलून भरभर ओढू नका, जोर हिच्यातही भरपूर आहे.

पहिलीच दाट सिगार असेल तर मी पाद्रोन सांगेन. मिरी आणि मातीची ओढ आधीपासून असेल तर पार्तागास.

दोन्ही एकाच संध्याकाळी ओढू नका, जीभ बधिर होते. पोटभर जेवून बसा, मिनिटाला एकच झुरका घ्या. धूर छातीत न घेता थोडासा नाकातून सोडा. मिरीचा खरा तिखटपणा तिथेच कळतो. छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडातून रक्तात जातंच आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही राहतो, हे जाणूनच पेटवा.

मुंबईच्या पावसाळ्यात सिगार उघड्यावर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता ६५ ते ६९ टक्के राखा. ओलावलेली सिगार सारखी विझते आणि पुन्हा पुन्हा पेटवली की कडवट होत जाते.