दोन लाख सत्तावीस हजार पाचशेची 'माफी'

दारू पिऊन गाडी मीच चालवली होती, ते आधीच कबूल करतो. ऑगस्ट 2022, कोथरूडची नाकाबंदी, नळीत फुंकलं, रीडिंग 62, म्हणजे 100 मिली रक्तात 62 मिलिग्रॅम अल्कोहोल. आपली मर्यादा 30. कोर्टात 10,000 रुपये दंड भरला आणि विषय संपला असं धरून चाललो.

कॅनडाच्या लेखी तो संपत नाही. 18 डिसेंबर 2018 पासून तिकडे या गुन्ह्याला कमाल दहा वर्षं शिक्षा आहे. तुम्हाला इथे किती दंड झाला ते बघत नाहीत, त्यांची कमाल शिक्षा बघतात. म्हणजे मी थेट 'गंभीर गुन्हेगार'. 2023 मध्ये व्हिजिटर व्हिसाचा अर्ज स्वतः भरला, दंडाची पावती जोडली, नकार आला. पुढच्या वर्षी ब्रॅम्प्टनला बहिणीचं बाळंतपण होतं, आई रोज विचारायची. म्हणून एजंट गाठला. हौस नव्हती.

सल्ल्याचे 40,000. कॅनडातून 'रिहॅबिलिटेशन', म्हणजे जुन्या गुन्ह्याची तिथली सरकारी माफी, आणून द्यायचे 1,65,000. फाईल लवकर हलवायचे 22,500. सगळे बायकोच्या नावाच्या खात्यावर, म्हणजे त्याच्या बायकोच्या. पक्की पावती मागा, देत नसेल तर उठून या.

नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर मेपलचं पान छापलेली पीडीएफ आली. माफी मंजूर! हा अर्ज शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनीच करता येतो, म्हणजे माझा ऑगस्ट 2027 मध्ये. हे मला माहीत होतं. 'आतून सेटिंग आहे' म्हणाला, गप्प बसलो.

पण खरी अक्कल गहाण टाकली ती पुढे. त्याने व्हिसाचा नवा अर्ज उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कधी अटक, आरोप, शिक्षा झाली आहे का? कर्सर 'नाही'वर. मी म्हटलंसुद्धा, "अहो, माफीचं पत्र आहे ना? मग 'हो' लिहून ते जोडू की." तो म्हणाला, "सर, माफी झाली म्हणजे गुन्हा झालाच नाही." आणि चहा मागवला. मी तो चहा प्यायलो. माफी खरी असती तर लपवायची कशाला, एवढं शाळकरी पोरालाही सुचलं असतं.

मार्च 2025 मध्ये पत्र आलं: मागच्या अर्जाला दंडाची पावती तुम्हीच जोडली होती, आता 'नाही' कसं? एजंटाचा फोन बंद. खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं बंदी. पूर्वी ही दोन वर्षांची असायची, परदेशी गुन्हेगारांना लवकर हाकलण्यासाठी 2013 मध्ये केलेल्या कायद्याने पाच केली. फॉर्म एजंटाने भरला ही सबब चालत नाही. लॉगिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

नंतर एका परवानाधारक सल्लागाराने सांगितलं, कॅनडाची मर्यादा 80 आहे, 62 वर निदान भांडायला तरी जागा होती. आता काय उपयोग! एजंटाकडे परवाना आहे की नाही ते तिकडच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे अशा सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरमध्ये दोन मिनिटांत दिसतं, फुकट.

पोलीस चौकीत म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे ना? तर हवालदार म्हणे, "प्यायला होतात ना तुम्ही?" सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर बसून, स्वखुशीने पैसे पाठवलेत. स्थलांतरितांचे संरक्षक, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी कार्यालय, म्हणे, आमचं काम नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटांपुरतं, व्हिजिटर व्हिसा आमच्यात बसत नाही. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा चौकी. साहेबांची बदली. चार महिन्यांत हाती लागली ती अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत, आणि तिची झेरॉक्सही मीच काढून नेली होती.